रातांबे फोडायचं यंत्र आणि दहावा नग

पत्र : काका, मी कुडाळ तालुक्यातल्या एका गावात राहते. दर उन्हाळ्यात आम्ही घरच्या आणि थोड्या विकत घेतलेल्या रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सोलं (वाळवलेली साल) आणि आगळ (खारवलेला रस) करतो. फोडून फोडून सासूबाईंची बोटं सोलवटतात, आंबट रस चरचरतो. म्हणून मी पाटावर बसवलेलं स्टीलचं एक हातयंत्र केलं. वाटीत रातांबा ठेवून दांडा दाबला की पातं फळाचे दोन भाग करतं आणि पात्याच्या दोन्ही बाजूंचे वाकवलेले चमचे बी-गर बाहेर ढकलतात. कल्पना माझी, स्प्रिंगची जोडणी शेजारच्या वेल्डर मुलाने सुचवली. या हंगामात तीन शेजारणींनी वापरून पाहिलं, तिघींनाही हवं आहे. एका नगाला साहित्य २८० रुपयांचं लागलं, ४०० ला विकावं असं मनात आहे. एक व्यापारी म्हणतो, "ड्रॉइंग द्या, हजार नग करून घेतो, नगामागे दहा रुपये तुमचे." शहरातला एक सल्लागार पेटंटचे साठ हजार सांगतो. भाचा म्हणतो, आधी रील टाकू, ऑर्डरी येतील. माझ्याकडे सव्वा लाख रुपये साठले आहेत. आधी काय करू?

उत्तर : ताई, भाच्याला आजच सांगा, रील नको. बाकी सगळ्याला वेळ आहे, याला नाही. पेटंट मिळायचं तर वस्तू नवी असावी लागते. अर्जाच्या तारखेआधी ती चारचौघांत उघड झाली, तर कायद्याच्या लेखी ती नवी राहत नाही, मग ती तुम्ही स्वतःच दाखवलेली का असेना. तीस सेकंदांच्या रीलमध्ये तुमचे ते दोन चमचे दिसले की संपलं. बचत गटाच्या स्टॉलवर, जत्रेतही सध्या मांडू नका, आणि एकही नग विकू नका. शेजारणींनी वापरलं त्याची मात्र फार धास्ती घेऊ नका. १९७० च्या पेटंट कायद्यातल्या कलम ३२ मध्ये, जी वस्तू चाचणीसाठी लोकांत वापरावीच लागते तिला अर्जाच्या आधी १ वर्षापर्यंत सूट आहे. पण त्या सुटीवर भिस्त ठेवायची नाही. तिघींची नावं, तारखा आणि "फक्त वापरून बघायला दिलं, पैसे घेतले नाहीत" एवढं वहीत लिहा, खाली त्यांच्या सह्या घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न. सल्लागार, व्यापारी, भाचा ही तिन्ही माणसं तुम्हाला पुढच्या पायऱ्या दाखवताहेत. मधली पायरी कोणी दाखवली नाही. तुमचं यंत्र आज चालतं, कारण तुम्ही त्याच्या शेजारी उभ्या असता. दांडा अडकला तर कुठे ठोकायचं ते तुम्हाला ठाऊक आहे, फळ वाटीत कसं तिरकं ठेवायचं ते तुमच्या हाताला ठाऊक आहे. विकायची वस्तू तेव्हा तयार होते, जेव्हा तुम्हाला कधीही न पाहिलेली देवगडची एखादी बाई मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, आभाळ भरून आलेलं असताना, अंगणात रातांब्यांचा ढीग पडलेला असताना ते वापरते आणि तुम्हाला फोन करायची वेळ तिच्यावर येत नाही.

हे मी शिकलो ते फार महागात शिकलो. मी नाशिकच्या सातपूरला २६ वर्षं डाय (पत्र्याला आकार देणारे साचे) आणि हत्यारांचं काम केलं. सुरुवातीच्या दिवसांत द्राक्षवेलींच्या काड्या बांधायचा एक चिमटा केला होता. पाच नमुने केले, पाचही बागांमध्ये सुरेख चालले. मी ३०० नग काढले. नमुन्यांच्या स्प्रिंगा एकाच गुंडाळीच्या तारेच्या होत्या, ३०० साठी तार दुसऱ्या दुकानातून आणली. दिसायला तीच, जाडी तीच. महिन्याभरात स्प्रिंगा ढिल्या पडल्या. ऐन बांधणीच्या दिवसांत शेतकरी चिमटे परत घेऊन दारात उभे राहिले. प्रत्येकाचे पैसे परत केले, पण त्यातल्या बहुतेकांनी पुढे माझ्याकडून काही घेतलं नाही. म्हणून मी नव्या माणसाला पहिला नग दाखव म्हणत नाही, दहावा दाखव म्हणतो. दहावा नग पहिल्यासारखाच निघाला आणि हंगामभर टिकला, तर तुमच्याकडे विकायला काहीतरी आहे.

तुमच्या बाबतीत खरी परीक्षा घेणार आहे ती आगळ. आंबट आणि वरून मीठ, या जोडीपुढे भलं भलं स्टील टिकत नाही. पत्रात तुम्ही नुसतं "स्टील" लिहिलं आहे. २८० रुपयांत बसलं म्हणजे बहुतेक २०२ ग्रेडचं, म्हणजे स्वस्तातलं स्टेनलेस असावं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो आणि "चिकटत नाही, म्हणजे चांगलं" म्हणतो. पण २०२ आणि ३०४ दोन्ही चुंबकाला जवळपास चिकटत नाहीत, त्यामुळे त्या चाचणीला अर्थ नाही. स्टीलच्या व्यापाऱ्याकडे तपासणीचे थेंब मिळतात, पत्र्यावर टाकले की रंगावरून २०२ ओळखता येतं. साधं पाणी लागणाऱ्या भागाला ३०४ पुरतं. पण खारवलेल्या आगळाशी रोज गाठ पडणाऱ्या वाटीला आणि चमच्यांना ३१६ घ्यावं असं माझं मत आहे. त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो, त्यामुळे मिठाने बारीक भोकं पडायची खोड बरीच कमी होते. पातं मात्र यातल्या कशाचंच करू नका. ३०४ किंवा ३१६ ला पाणी देऊन कडक करता येत नाही, धार चार दिवसांत जाईल. पात्याला ४२० सारखं कडक होणारं स्टील लागतं. ते गंजाला थोडं कच्चं असतं, म्हणून पातं दोन स्क्रूंनी काढता-घालता येईल असं ठेवा आणि यंत्राबरोबर एक जादा द्या. स्प्रिंगसुद्धा स्टेनलेसच्या तारेचीच हवी. आणि वेल्डिंगच्या जागी जो निळसर-तपकिरी डाग राहतो ना, गंज पहिला तिथे धरतो. पिकलिंग पेस्ट (डाग खाणारा आम्लाचा लेप) लावून तो डाग काढायला त्या मुलाला सांगा.

आत्ता पावसात रातांबे नाहीत म्हणून हात बांधून बसू नका. घरात आगळ असेलच. काचेच्या चार बरण्या घ्या, प्रत्येकीत खारवलेलं आगळ ओता आणि एकेका ग्रेडचा तुकडा, त्यातला एक वेल्ड केलेला, बुडवून ठेवा. अर्धा तुकडा आगळाच्या वर राहू द्या, कारण काठावरच जास्त खातं. दर रविवारी बाहेर काढा, नुसत्या बोटाने चाचपा, फोटो काढा, वहीत तारीख टाका. सहा आठवड्यांत तुमच्या हातात जे ज्ञान येईल ते व्यापाऱ्याकडे नाही आणि सल्लागाराकडेही नाही.

दुसरी अडचण आकाराची. तुमची वाटी तुमच्या परसातल्या झाडाच्या मापाची आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या दोन जाती आता बऱ्याच बागांत आहेत, कोकण अमृता आणि कोकण हातीस. हातीसचं फळ जंगली झाडाच्या फळापेक्षा बरंच मोठं असतं. ते तुमच्या वाटीत बसेल का? नसेल तर दोन मापांच्या बदलत्या वाट्या करा. आणि दापोलीला एकदा जाऊनच या. कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयात भेटून फळ फोडायच्या अवजारांवर आधी काय काय झालं आहे ते विचारा. तुमचं यंत्र मात्र उघडून दाखवू नका, नुसतं ऐकून या.

हेच शोधाचं काम घरी बसूनही होतं. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुने अर्ज फुकट शोधता येतात, गूगल पेटंट्सवर जगभरातले. भाच्याला रीलऐवजी हे काम द्या. नुसतं "कोकम" टाकून भागणार नाही. चेरी, ऑलिव्ह, आलुबुखार यांच्या बिया काढायची हत्यारं बघायला सांगा, कारण तपासणारा अधिकारी तीच बघणार. ओळखीच्या दोन वस्तू शेजारी शेजारी बसवल्या आणि दोन्ही आपापलं काम वेगवेगळं करत राहिल्या, तर त्या जोडणीला पेटंट मिळत नाही. तुमच्या यंत्रात नवं काही असेल तर ते हे, की एकाच दाबात फळही दुभंगतं, बीही सुटते आणि साल फाटत नाही. सोलांना साल अखंड लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे म्हणून तुम्ही चमचे तसे वाकवलेत. अर्जात भर त्याच्यावर हवा.

आता साठ हजारांकडे येतो. सरकारी फी किती ते आधी कळू दे, म्हणजे समोरच्याशी बोलायला बळ येतं. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये. तपासणीच्या विनंतीची ४,०००. अर्जदारांत एक जरी स्त्री असली तरी जलद तपासणी मागता येते, तिची फी ८,०००, आणि तिच्याबरोबर लवकर प्रसिद्धीची विनंती करावी लागते, तिचे २,५००. बाकी रक्कम आहे ती मसुदा लिहिण्याची. ते काम खरं कौशल्याचं आहे आणि चांगल्या माणसाला त्याचे पैसे द्यावेत. पण साठ हजारांत मसुदा किती, आणि कार्यालयाच्या हरकतींना उत्तर देण्याचं काम धरलं आहे की ते वेगळं, हे कागदावर मागा. तो लिहून द्यायला टाळाटाळ करत असेल, तर दुसरा बघा. शिवाय गांधीनगरजवळचं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान हे तुमच्यासारख्या, कुठल्या प्रयोगशाळेत नसलेल्या माणसांच्या कल्पनांसाठीच २००० साली उभं राहिलं. पसंत पडलेल्या कल्पनेचा पेटंट अर्ज ते तुमच्या संमतीने, तुमच्या नावावर, पदरचे पैसे घालून करतात. त्यांना आधी लिहा.

आणि पूर्ण अर्ज आत्ता करूच नका, तात्पुरता करा. त्याचीही फी तेवढीच, पण त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात आणि त्या वेळी पुन्हा अर्जाची फी पडत नाही. तुमच्या धंद्याला ही सोय जणू बेतून दिली आहे, फक्त तारीख नीट धरा. आज जुलैत अर्ज केलात तर बारा महिन्यांत हंगाम एकच मिळेल आणि तो संपता संपता मुदतही संपेल, दुरुस्ती लिहायला उसंत उरणार नाही. मार्चमध्ये केलात तर एप्रिल, मे, जूनची चाचणी, मग सगळा पावसाळा आणि हिवाळा दुरुस्तीला, आणि पुढच्या मार्चच्या आत पक्का तपशील. तोवर तोंड बंद ठेवता येत असेल तर मार्चच. व्यापारी फारच घिरट्या घालायला लागला तर थांबू नका, लगेच करा. एक ध्यानात असू द्या : जे तात्पुरत्या अर्जात लिहिलंच नाही, त्याला त्या दिवसाची तारीख मिळत नाही. म्हणून स्प्रिंगच्या जागा, वाट्यांची मापं, चमच्यांचे पर्याय, सुचेल ते सगळं त्यात घाला.

पुढचं पेटंट पूर्ण करायचं की नाही, हे हंगाम झाल्यावर ठरवा. मी स्वच्छ सांगतो, कोकमाचा ग्राहक कोकण, गोवा आणि कारवारच्या पट्ट्यातला, हंगाम जेमतेम अडीच महिन्यांचा. कोणी नक्कल केली तर कोर्टात तुम्हालाच जावं लागतं, सरकार तुमच्या वतीने जात नाही. तो खर्च पेलेल एवढा धंदा होणार असेल तरच वीस वर्षांचं पेटंट सांभाळण्यात अर्थ आहे. १,६०० रुपयांत एक वर्षाची सुरक्षित जागा मिळते, तेवढी तरी घ्याच.

त्या वेल्डर मुलाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला सगळ्यात काळजी त्याचीच वाटते. स्प्रिंगची जोडणी त्याने सुचवली असेल आणि यंत्र तिच्यावरच चालत असेल, तर तो नुसता कारागीर नाही, सहसंशोधक आहे. अर्जात संशोधक म्हणून त्याचं नाव टाकावं लागेल. मालकी कोणाची, हे मात्र दोघांनी आपसात ठरवता येतं. दोघे मालक झालात, तर कायद्याने दोघांचा वाटा सारखा, दोघांनाही स्वतः बनवून विकता येतं, पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय कोणालाही परवाना देता येत नाही. उद्या तो कामाला पुण्याला गेला आणि फोन उचलेनासा झाला तर तुमचा करार अडकेल. म्हणून आत्ताच, पैसा दिसायच्या आत, चहाला बोलावून बसा. त्याचं नाव राहील, मालकी तुमची, आणि विकलेल्या प्रत्येक नगामागे त्याला ठरलेला हिस्सा, असं स्टॅम्प पेपरवर करा. त्याच्या आईलाही समोर बसवा.

४०० रुपये किंमत ठेवलीत तर जितके नग विकाल तितक्या खोलात जाल. ३१६ आलं की साहित्यच ४०० च्या पुढे जाईल. त्यावर समजा मजुरी १५०, पॅकिंग ३०, बिघडलेल्या आणि बदलून दिलेल्या नगांसाठी ५०. झाले ६३०. दुकानदार चौथा हिस्सा तरी मागतोच. तुमच्या हातात नगामागे शंभर रुपये राहायचे असतील तर छापील किंमत हजाराच्या आसपास जाते. मग प्रश्न असा, की हजार रुपयांना बाई घेईल का? हे शेजारणीला विचारून कळत नाही, शेजारीण "हो" म्हणते. ते मोजून कळतं. पुढच्या हंगामात दहा नग दहा घरांत द्या, निम्मी घरं ओळखीची नसलेली निवडा. प्रत्येक घरात हाताने एक तास आणि यंत्राने एक तास, किती किलो फुटले ते वजनकाट्यावर बघा. फळं फोडायला बाई लावली तर रोज काय द्यावा लागतो, ते विचारा. यंत्राने किती रोज वाचले, त्यावरून किंमत ठरते. हंगाम संपल्यावर म्हणा, "आता परत द्या, किंवा हजार रुपये देऊन ठेवून घ्या." दहांपैकी किती जणी पैसे काढतात, तो तुमचा बाजार. हे विचारायचं ते तात्पुरता अर्ज दाखल झाल्यावरच.

एकटीला हजार जड वाटतील तिथे गटाला वाटणार नाहीत. प्रक्रिया करणाऱ्या बचत गटांतल्या सभासदांना सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेतून प्रत्येकी ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल मिळत आलं आहे, आणि त्यात छोटी अवजारं बसतात. योजनेची सध्याची मुदत तालुका कृषी कार्यालयात विचारा.

ते दहा नग करताना पट्टीने माप घेऊन ठोकाठोकी नको. मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातल्या एखाद्या शिक्षकाकडून मापांसकट ड्रॉइंग करून घ्या. पातं आणि वाटी यांतली फट किती मिलिमीटर, आणि ती कमी-जास्त किती चालेल, हे त्यावर लिहिलेलं हवं. तुमच्या यंत्राचा जीव त्या फटीत आहे. पत्रे कोल्हापूरला शिरोली किंवा गोकुळ शिरगावला लेझर कटिंगने कापून घ्या, वाकवूनही तिथेच मिळतील. जोडणी घरी, आणि तीही जिगमध्ये (भाग ठरल्या जागी धरून ठेवणाऱ्या चौकटीत) बसवून, म्हणजे प्रत्येक नगाला फट तीच येईल. भाग दोन वेगळ्या दुकानांत द्या, पूर्ण वस्तू कोणालाच दिसणार नाही. डाय करायच्या मोहात आत्ता पडू नका. पाचशे नगांची खात्री झाल्याशिवाय डायचा पैसा सुटत नाही, आणि एकदा डाय झाली की डिझाइन बदलायचा धीर होत नाही. या सगळ्याला, दापोलीच्या वारीसकट, तीस-पस्तीस हजारांच्या वर जाऊ देऊ नका. उरलेले पैसे बँकेत राहू द्या.

व्यापाऱ्याला तोडू नका, थांबवा. "पुढच्या पावसाळ्यात बोलू" एवढंच म्हणा. हजार रुपयांच्या वस्तूवर दहा रुपये म्हणजे शेकडा एक. पुढे बोलणं झालंच, तर हिस्सा रुपयांत ठरवू नका, त्याच्या विक्रीच्या किमतीवर टक्क्यांत मागा. दर हंगामाला किमान किती नग करणार ते लिहून घ्या आणि तेवढे केले नाहीत तर परवाना आपोआप रद्द. त्याने डाय केली तर ती कोणाची, हेही लिहा. अर्जाचा क्रमांक हातात आल्याशिवाय आणि गोपनीयतेच्या करारावर त्याची सही झाल्याशिवाय ड्रॉइंगचा एक कपटाही देऊ नका, फोनवर फोटोही नको.

एवढं करूनही पहिल्या वर्षी कमी नग गेले तर खचू नका. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष उतरतं असं शेतकरी म्हणत. पहिले नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती १९१० मध्ये. तुमच्याकडे तर तीन बायका आत्ताच मागताहेत.

सासूबाईंकडे जो पहिला नग आहे तो त्यांच्याकडेच राहू द्या, पण दुरुस्त करू नका आणि मोडीत घालू नका. त्यावर खडूने नाही, कोरून तारीख घाला. आगळाच्या बरण्या या रविवारी भरा. गणपतीच्या आधी सहा आठवडे होतील. कुठल्या तुकड्याला काय झालं ते फोटोसकट मला कळवा, मग वाटीचं स्टील आपण दोघे मिळून नक्की करू.